धूमकेतूंच्या नावाआधी सी, पी, डी, आय ही अक्षरं कशाला? मुळात प्रकार किती?

बारामतीची मुग्धा:

नमस्कार मंडळी. २०२५ च्या लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आम्ही शेतावर होतो. दिरांची पक्षी बघायची साधी दुर्बीण होती, तिच्यातून मावळतीच्या जरा उजवीकडे लेमन धूमकेतू बघितला. बघितला म्हणजे काय, पाटीवर ओल्या बोटाने पुसल्यासारखा डाग. मला तर पहिली दहा मिनिटं काहीच दिसलं नाही, पण सगळे 'दिसला का, दिसला का' करत होते म्हणून मी आपलं 'हो हो' म्हटलं. नंतर खरंच दिसला.

तेव्हापासून आमच्या आठवीतल्या चिरंजीवांनी कपाटाच्या दारावर यादी चिकटवली आहे: सी/२०२५ ए६ लेमन, ३आय/ॲटलास, १२पी/पॉन्स-ब्रूक्स, डी/१९९३ एफ२, १पी/हॅले. शाळेच्या वहीत दोनच प्रकार लिहिलेत, अल्पकालीन आणि दीर्घकालीन. त्याचं म्हणणं, मग आय आणि डी कुठे घालायचे? आणि लेमन हिरवट दिसतो म्हणून त्याचं नाव लिंबू ठेवलं का? दुसऱ्या प्रश्नाला मी 'असेल' म्हणून मोकळी झाले. पहिल्याचं उत्तर कोणी देईल का? सोप्या भाषेत, मी कॉमर्सची आहे.

निशाचर७७:

दोनच प्रकार. २०० वर्षांच्या आत फेरी मारणारा अल्पकालीन, त्याहून जास्त लागली तर दीर्घकालीन. अक्षरं म्हणजे नंबरप्लेट, त्यात फार अर्थ शोधू नका. परीक्षेत तेवढंच विचारतात.

मिरज जंक्शन:

मुग्धाताई, मी ३४ वर्षं आरएमएसमध्ये सॉर्टर होतो. रेल्वेच्या मेल व्हॅनमध्ये उभं राहून रात्रभर पत्रं खणांत टाकायची आणि स्टेशन यायच्या आत त्या गावची बॅग बांधायची, हे काम. त्यामुळे 'हे कुठे घालायचं' हा प्रश्न मला माझ्याच खात्यातला वाटला.

निशाचररावांचं चूक नाही. पण सगळं टपाल 'गावातलं' आणि 'बाहेरगावचं' एवढ्यावर सोडलं, तर पुढचं स्टेशन आल्यावर रडायची पाळी येते.

आधी अक्षरं बघू. ही पद्धत १९९५ पासूनची, आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने लावलेली. पी म्हणजे फेरीवाला: २०० वर्षांच्या आत फेरी पूर्ण करणारा, किंवा सूर्याजवळ एकापेक्षा जास्त वेळा आलेला नक्की पाहिलाय असा. परत आल्याची खात्री पटली की त्याला कायमचा क्रमांक मिळतो. पहिला क्रमांक हॅलेचा, म्हणून १पी. सी म्हणजे लांबचा, परत यायला २०० हून जास्त वर्षं लागणारा किंवा कधीच न येणारा. एक्स म्हणजे ज्याची कक्षाच काढता आली नाही. ११०६ साली मोठा धूमकेतू दिसला होता, नोंदी आहेत, पण कक्षा बांधण्याइतकी माहिती नाही. आमच्याकडे 'पत्ता अपुरा' शिक्का असायचा, तसला प्रकार. डी म्हणजे हरवला किंवा मोडला. आय म्हणजे आपल्या सूर्यमालेचाच नाही, बाहेरून आलेला. आणि ए म्हणजे आधी धूमकेतू समजून नाव दिलं, पण शेपूट नाही, धूळ नाही, म्हणून लघुग्रहांसारखा धरला. एवढे सहा खण.

आता लेमनची चिठ्ठी वाचू. सी/२०२५ ए६. प्रत्येक महिन्याचे दोन भाग करतात, जानेवारीचा पहिला पंधरवडा ए, दुसरा बी, फेब्रुवारीचा सी आणि डी, असं पुढे. मध्ये इंग्रजी आय गाळतात, कारण ते एक आकड्यासारखं दिसतं. झेडपर्यंत जावंच लागत नाही, पंधरवडे चोवीसच. म्हणजे ए६ हा २०२५ च्या जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यातला सहावा. चिरंजीवांना सांगा, डी/१९९३ एफ२ कधी सापडला ते आता स्वतः काढ.

लिंबाचं मात्र खरं नाही. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये माउंट लेमन नावाचा डोंगर आहे, तिथल्या वेधशाळेच्या सर्वेक्षणात तो सापडला. डोंगराला नाव सारा लेमन या वनस्पतीशास्त्रज्ञ बाईंचं. हिरवा रंग येतो तो कार्बनच्या दोन अणूंच्या जोडीमुळे. बर्फातले पदार्थ उन्हाने सुटे होतात, त्यातून ही जोडी तयार होते आणि उन्हातच हिरवी चमकते. ती लवकर तुटते, म्हणून डोकं हिरवं आणि शेपूट हिरवी नाही.

पण अक्षर म्हणजे वरचा शिक्का झाला. खरं सॉर्टिंग पत्त्यावर. धूमकेतूचा पत्ता म्हणजे त्याची कक्षा.

गुरूच्या कुटुंबातले म्हणतात त्यांची फेरी २० वर्षांच्या आत. हे बहुतेक ग्रहांच्याच पातळीवरून, ग्रहांच्याच दिशेने फिरतात. ६७पी घ्या, ज्यावर नोव्हेंबर २०१४ मध्ये युरोपचं फिले यान उतरलं. त्याची फेरी साडेसहा वर्षांच्या आत. हे सगळे नेपच्यूनच्या पलीकडच्या बर्फाळ गोळ्यांमधून आत आलेले. हॅलेच्या जातीचे २० ते २०० वर्षांचे. यांना पातळीबितळी काही नाही, कसेही तिरपे येतात. स्वतः हॅले तर उलट्या दिशेने फिरतो. तुमच्या यादीतला १२पी याच जातीचा, ७१ वर्षांची फेरी, एप्रिल २०२४ मध्ये येऊन गेला. त्याच्याही पुढचे, हजारो-लाखो वर्षांचे, ते ऊर्टच्या ढगातून येतात. यान ऊर्ट या डच शास्त्रज्ञाने १९५० मध्ये मांडलं की सूर्यमालेभोवती फार दूरवर असा साठा असला पाहिजे, कारण लांबून येणारे धूमकेतू सगळ्या बाजूंनी येतात आणि बऱ्याच जणांच्या कक्षा मागे नेल्या तर एवढ्याच प्रचंड अंतरावर पोचतात. तो ढग आजवर कोणी पाहिलेला नाही, येणाऱ्या टपालावरून गाव ओळखलं.

आता गंमत अशी की २० आणि २०० हे आकडे माणसांनी सोयीसाठी ओढलेल्या रेघा आहेत. निसर्गाला २०० चं काही पडलेलं नाही. शिवाय फेरीचा काळ बदलतो. गुरू मध्ये बसलाय ना, जवळून गेलेल्याला तो ढकलतो. हेच ६७पी, १९५९ च्या आधी सूर्याच्या जास्तीत जास्त जवळ यायचं तेही पृथ्वीच्या पावणेतीनपट अंतरावर. त्या वर्षी गुरूजवळून गेलं आणि ते अंतर निम्म्यावर आलं. दहा वर्षांनी, १९६९ मध्ये, सापडलं. पत्ता बदलला नसता तर तेव्हा सापडलं नसतं.

मग पत्ता बदलणाऱ्याला ओळखायचं कसं? त्यावर तिसराँ नावाच्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात तोड काढली. कक्षेचा आकार, लांबटपणा आणि कल, तिन्ही मिळून गुरूच्या मानाने एक आकडा काढायचा. गुरूने ढकललं की तिन्ही गोष्टी बदलतात, आकडा मात्र जवळजवळ तोच राहतो. पिनकोडसारखं समजा. घराचा नंबर बदलला, गल्लीचं नाव बदललं, पण ४१६ काही बदललं नाही. गुरूच्या कुटुंबाचा आकडा २ ते ३ मध्ये, हॅलेच्या जातीचे आणि लांबचे २ च्या खाली, आणि ३ च्या वर असून कक्षा पूर्ण गुरूच्या आत असेल तर एन्केच्या जातीचा. एन्के सव्वातीन वर्षांत फेरी मारतो. हल्लीचे शास्त्रज्ञ वर्षांपेक्षा याच आकड्यावर जास्त विसंबतात. मला विचाराल तर खरं वर्गीकरण हे.

निशाचर७७:

३४ वर्षं आरएमएस! हरलो. नंबरप्लेटमध्ये अर्थ असतो, मान्य.

बारामतीची मुग्धा:

काका, खूप धन्यवाद, आमच्याकडे आत्ता मोठ्याने वाचन झालं. एफ२ चं उत्तर त्याने काढलं: मार्चचा दुसरा पंधरवडा, दुसरा. बरोबर ना? आता त्याच्या पुढच्या शंका. डी म्हणजे हरवला, पण एवढा मोठा धूमकेतू हरवतो कसा? आणि खणात न बसणारे पण असतात का?

मिरज जंक्शन:

बरोबर. शूमेकर-लेव्ही ९, मार्च १९९३ च्या २४ तारखेला सापडला. तो हरवला नाही, त्याचं काय झालं ते सगळ्या जगाने बघितलं. गुरूने आधीच त्याचे तुकडे केले होते, जुलै १९९४ मध्ये एकामागोमाग एक वीसेक तुकडे गुरूवरच आदळले. दुर्बिणीतून गुरूवर काळे डाग दिसायचे.

हरवलेला म्हणजे लेक्सेलचा. १७७० मध्ये मेसिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञांना दिसला, पृथ्वीपासून चंद्राच्या सहापट अंतरावरून गेला. इतक्या जवळून गेलेला धूमकेतू नोंदींत क्वचितच सापडेल. लेक्सेल यांनी गणित करून सांगितलं की साडेपाच वर्षांची फेरी आहे. मग वाट बघत बसले, आलाच नाही. नंतर उलगडलं की १७६७ मध्ये गुरूनेच त्याला आत ओढलं होतं आणि १७७९ मध्ये गुरूनेच बाहेर भिरकावलं. डी/१७७० एल१.

आणि बिएला. ३डी. पावणेसात वर्षांची फेरी, चांगला ओळखीचा. १८४६ मध्ये बघणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत त्याचे दोन झाले. १८५२ मध्ये दोघे जोडीने परत आले, त्यानंतर कधीच नाहीत. मात्र २७ नोव्हेंबर १८७२ ला पृथ्वी त्याच्या वाटेवरून गेली तेव्हा उल्कांचा पाऊस पडला. आमच्याकडे डेड लेटर ऑफिसला पत्र उघडून बघायचे, आत काही मागमूस लागतो का म्हणून. तो पाऊस मला तसा वाटतो.

खणात न बसणारे विचारताय? आमच्या टेबलावर एक ढीग कायम असायचाच. १९७९ मध्ये एक लघुग्रह सापडला, मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यात, अगदी सरळमार्गी. १९९६ मध्ये त्याला शेपूट दिसली! आता त्याला दोन नावं आहेत, ७९६८ एल्स्ट-पिसारो हा लघुग्रह आणि १३३पी हा धूमकेतू. असे आणखी सापडल्यावर २००६ मध्ये 'मुख्य पट्ट्यातले धूमकेतू' असा नवा खण करावा लागला. शनीच्या बाजूला फिरणारा कायरॉनही तसाच, लघुग्रह क्रमांक २०६० पण आणि धूमकेतू ९५पी पण. १५३पी इकेया-झांगची फेरी तर सुमारे ३६६ वर्षांची, तरी पी, कारण २००२ ला आला तो १६६१ मध्ये पाहिलेलाच असं सिद्ध झालं.

सगळ्यांत जास्त खण फिरला तो औमुआमुआ. ऑक्टोबर २०१७ मध्ये आधी सी/२०१७ यू१ म्हणून टाकला. मोठ्या दुर्बिणींनी बघितलं तर शेपूट नाही, म्हणून ए/२०१७ यू१. मग लक्षात आलं की हा सूर्यमालेचाच नाही, त्याच्यासाठी आय हा नवा खण पाडला, १आय. तीन आठवड्यांत तीन खण. नवीन भरती झालेल्या पोराच्या हातात गेलेलं पत्र असंच फिरायचं.

शंकासुर:

३आय हे परग्रहावरचं यान आहे असं व्हॉट्सॲपवर आलंय. खरं काय?

मिरज जंक्शन:

त्याला वायू आहे, धूळ आहे, डोकं आहे, सगळी लक्षणं धूमकेतूची. जेम्स वेब या अवकाशातल्या दुर्बिणीला त्यात भरपूर कार्बन डायऑक्साइड दिसला. वेग इतका की सूर्याला त्याला धरून ठेवता येत नाही, म्हणून आय. आपल्या सगळ्यांत जवळचा दिवस १९ डिसेंबर २०२५, तेव्हाही २७ कोटी किलोमीटर दूर. व्हॉट्सॲपवरच्या टपालाला शिक्का नसतो, एवढं लक्षात ठेवा.

पाठशाळा:

वर्गीकरणाचं वेड जुनं आहे हो. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत केतूंवर अख्खा अध्याय लिहिलाय. दिव्य, आंतरिक्ष आणि भौम असे तीन प्रकार. मग कोणी १०१ केतू मानतात, कोणी १००० मानतात, हे सांगून पुढे म्हणतो की नारदमुनींच्या मते केतू एकच, तोच अनेक रूपं घेतो. आजी शेंडेनक्षत्र दिसलं की राजाला वाईट म्हणायची. वराहमिहिराच्या यादीत थोडे शुभ केतूही आहेत, ते मात्र तिच्या कानावर आले नव्हते.

मिरज जंक्शन:

पाठशाळाबाई, हे ठाऊक नव्हतं, लिहून ठेवलं. नारदमुनी अगदीच चुकले असं म्हणवत नाही. १५३१, १६०७ आणि १६८२ चे तीन धूमकेतू लोकांनी तीन म्हणून मोजले होते. एडमंड हॅले यांनी १७०५ मध्ये कक्षा ताडून सांगितलं की हा एकच आहे, १७५८ च्या शेवटाला परत येईल. आला, त्याच वर्षी नाताळच्या रात्री दिसला. हॅले त्याआधी सोळा वर्षं वारले होते.

मी स्वतः हॅले १९८६ मध्ये बघितला. पहाटे चारला सायकल मारत गावाबाहेर गेलो, आग्नेयेला कापसाचा बोळा. एवढ्यासाठी झोपमोड केली म्हणून बरोबरचा मित्र वर्षभर टोमणे मारत होता. त्याला उत्तर मिळालं दहा वर्षांनी. मार्च १९९६, २३ ची रात्र सरून २४ लागली होती. ड्यूटीवर होतो, लोणंदच्या आसपास गाडी क्रॉसिंगला थांबली. व्हॅनचं दार उघडून पाय मोकळे करायला उतरलो. चंद्र कधीच मावळलेला. जवळजवळ डोक्यावर, स्वातीच्या उत्तरेला हिरवट गोळा, आणि त्याच्यापासून निघालेली फिकट शेपूट इतकी लांब की मान फिरवावी लागली. ह्याकुताके. पृथ्वीपासून दीड कोटी किलोमीटरवर आला होता. आत येऊन सगळ्यांना हाका मारल्या. हेड सॉर्टर म्हणाले, 'आधी साताऱ्याची बॅग बांध.' बांधली, मग तेच खाली उतरले आणि सिग्नल पडेपर्यंत वर बघत उभे राहिले.

पुढच्या वर्षी हेल-बॉप, तो तर गल्लीतल्या सगळ्यांनी रोज संध्याकाळी पाहिला. त्याला दोन शेपट्या स्पष्ट दिसायच्या, पांढरी धुळीची आणि निळसर वायूची. शेपटीवरून प्रकार पाडायचा मोह होतो म्हणून सांगतो, या दोन जाती नव्हेत, बहुतेकांना दोन्ही असतात, कमी-जास्त. आणि २०२० चा निओवाईज? जुलै महिना. मिरजेत जुलैमध्ये सूर्य दिसत नाही, धूमकेतू कुठला. परत यायला सहा हजारांवर वर्षं लावील, तेव्हाही पावसाळ्यातच येईल बहुतेक.

एक राहिलं. कक्षेशिवाय आतल्या मालावरूनही छाननी करतात. १९९५ मध्ये अहर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८५ धूमकेतूंचा प्रकाश तपासून दोन गट केले: नेहमीचे, आणि हिरवा रंग देणारा तो कार्बन कमी असलेले. दुसऱ्या गटात बहुतेक गुरूच्या कुटुंबातले निघाले. म्हणजे पाकिटावरचा पत्ता आणि आतला मजकूर बराच जुळतो, पण पूर्ण नाही, कारण त्या कुटुंबात पहिल्या गटातलेही पुष्कळ आहेत. यावर अजून वाद चालू आहेत.

बारामतीची मुग्धा:

काका, साताऱ्याच्या बॅगेवर घरात सगळे हसले. त्याने वहीत सहा खणांचं चित्र काढलंय, शेजारी 'ढीग' म्हणून सातवं. आता शेवटची शंका, नक्की शेवटची: बर्फ संपला की धूमकेतूचं काय होतं? तो लघुग्रह होतो का?

मिरज जंक्शन:

सातवा ढीग काढला हे झकास केलं. बर्फ संपला की काळा दगड उरतो, दिसायला लघुग्रहच. कक्षा मात्र धूमकेतूची राहते, तिच्यावरून संशय येतो. त्यातला सगळ्यांत अवघड गडी म्हणजे फेथॉन, १९८३ मध्ये सापडला. लघुग्रह म्हणून नोंद, दीड वर्षाच्या आत फेरी, सूर्याच्या फार जवळून जातो. बर्फाचा मागमूस नाही. पण डिसेंबरातला मिथुन राशीतला उल्कावर्षाव त्याच्याच वाटेवरच्या खड्यांचा, आणि असे वर्षाव एरवी धूमकेतूंचे असतात. त्याला कुठल्या खणात घालायचं ते चिरंजीवांनी ठरवावं.

१३ डिसेंबरच्या रात्री दहानंतर शेतावर जा. यंदा, २०२५ ला, चंद्र मध्यरात्रीनंतर बऱ्याच उशिरा उगवेल. दुर्बीण घरीच ठेवा, तिचा उपयोग नाही, सतरंजी टाकून पाठीवर पडून राहायचं. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं लागतात, तोवर मोबाईल कोणी काढायचा नाही. तुम्हाला पहिली दहा मिनिटं काही दिसलं नाही तर या वेळी 'हो हो' म्हणू नका.